मॉलचं पाणी कुणाच्या दारात?

मैत्रिणींनो, नवा मॉल म्हटला की दुकानांची चर्चा होते. मी पार्किंगबद्दल बोलणार आहे. 1 हेक्टर काँक्रीटवर 100 मिलिमीटर पाऊस झाला, की 10 लाख लिटर पाणी पडतं. पूर्वी त्यातलं बरंचसं मातीत मुरायचं. आता ते नाल्यात जातं. नाला तेवढाच राहिला तर खालच्या वस्तीत शिरतं. मग भिजलेलं धान्य, चिखल, आजारी पोरं, सगळं बाईच्याच वाट्याला. 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, मुंबईने हे पाहिलं.

केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर किंवा जास्त बांधकामाच्या मॉलला पर्यावरण मंजुरी लागते. पाण्याचा निचरा आणि पार्किंग यांची माहिती अर्जात द्यावी लागते. पण अशा बांधकामांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे आपल्याला कुणी बोलावणार नाही; आपणच जायचं. माहितीच्या अधिकारात निचऱ्याचा नकाशा मागा. पाणी कुठे सोडणार, त्या नाल्याची क्षमता किती, जमिनीत किती मुरवणार, हे विचारा. मंजुरी मिळालीच तर 30 दिवसांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. नाला कुठे तुंबतो हे आपल्याला ठाऊक आहे. ते लेखी द्या, आणि पोच घ्या.