विमानाची निगा आणि हाताची सवय

आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूरचा परिसर कापूस पिकविणारा. अशा गावातील शेतकऱ्याचा मुलगा पाण्याचे इंजिन खोलून जोडावयास पुष्कळदा घरीच शिकतो. एखादा बोल्ट हरवला, तर तसाच दिसणारा दुसरा लावून तो काम निभावून नेतो. या युक्तीचे गावात कौतुक होते आणि ते योग्यही आहे. परंतु हाच मुलगा विमानाची देखभाल शिकू लागला, म्हणजे त्याला प्रथम ही सवय सोडावी लागते.

या शिक्षणाचे पहिले धडे साधे असतात. कानशीने धातू मापात आणावयाचा, रिव्हेट बसवावयाचे, नेमून दिलेल्या जोरानेच बोल्ट आवळावयाचा. मग काही बोल्ट तारेने अशा रीतीने जखडावयाचे की, ते सैल होऊ लागताच तारेने त्यांना आवळण्याच्या दिशेसच ओढावे. काम संपताच हत्यारे मोजावयाची. एक पाना कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत विमान सोडावयाचे नाही.

इतका काटेकोरपणा कशासाठी? 10 जून 1990 रोजी एका ब्रिटिश प्रवासी विमानाची समोरची काच सुमारे 17,000 फूट उंचीवर निखळली आणि मुख्य वैमानिक अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरविले आणि सर्वांचे प्राण वाचले. ती काच 27 तास आधीच बसविलेली होती. तिच्या 90 बोल्टांपैकी 84 बोल्ट अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक बारीक निघाले. बसविणारा कारागीर अनुभवी होता. त्याने जुना बोल्ट शेजारी धरून नवे निवडले, सुट्या भागांची सूची मात्र पाहिली नाही.

भारतात दुरुस्तीनंतर विमान उड्डाणास योग्य असल्याची सही परवानाधारक अभियंता करतो. हा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व गणित घेऊन बारावी झालेल्यास हे शिक्षण घेता येते. ओझरला लढाऊ आणि नागपूरच्या मिहानमध्ये प्रवासी विमानांची दुरुस्ती होते. आदिलाबादच्या मुलाला नागपूर काही परके नाही.

तेथे त्याचे कसबी हात उपयोगी पडतीलच. पण एखाद्या रात्री पाना हरवला, तर वरिष्ठांच्या रागाची पर्वा न करता ते तत्काळ सांगण्याचे धैर्यही त्याच्या अंगी असावे लागेल. त्या विमानातील प्रवाशांना त्याचे नाव कधीच कळणार नाही; त्यांचे प्राण मात्र त्याच्या या प्रामाणिकपणावर अवलंबून असतील.