औषधाची बाटली, तिचं लेबल



जुन्नर-आंबेगावात टोमॅटो, कांदा, द्राक्षं.
म्हणजे घरात फवारणीचं औषध आलंच.

उरलेलं औषध कुणी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओततं.
बाटली पडवीत राहते.
तहानलेलं पोर तीच तोंडाला लावतं.

म्हणून औषध मूळ बाटलीतच ठेवा.
लेबल काढू नका.

लेबलावरचा रंगीत त्रिकोण पाहा.
लाल सर्वांत जहाल.
मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा.
हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे हं!

विषबाधा झालीच, तर बाटली दवाखान्यात न्या.
उतारा लेबलावर छापलेला असतो.

पुन्हा सांगते, मूळ बाटली, मूळ लेबल.

साखर-मिठाच्या डब्यांवर नाव नसलं, तर चहा बिघडेल, एवढंच.
पण औषध चोळलेल्या बियाण्याच्या पिशवीवर ठळक लिहा: ‘पेरणीसाठी. दळायचं नाही.’