वाढ खुंटलेल्या मुलाला ‘लक्षाची गोळी’ द्यावी का?

(भूम येथे वसतिगृह अधीक्षक, बालवाडी शिक्षिका आणि वस्ती कार्यकर्ते यांच्या बैठकीत केलेले भाषण)



मला आज एका मुलीबद्दल बोलायचं आहे. तिच्या आईला विचारून बोलते आहे, आणि नाव घेणार नाही. पारधी वस्तीवरची, आपल्या वसतिगृहात राहणारी, पाचवीत शिकणारी. वय ११. उंची गेल्या जूनमध्ये ११८ सेंटिमीटर. तुमच्यापैकी ज्यांची दुसरी-तिसरीतली मुलं आहेत त्यांनी मनात ताडून पाहा, म्हणजे किती ते कळेल. शाळेत तिला ‘ठेंगी’ म्हणायचे. आणि ही ठेंगी एका जागी पाच मिनिटं बसत नसे. पाटीवर दोन गणितं मांडली की तिसरं मांडायच्या आत खिडकीपाशी. शिक्षकांनी एक दिवस मला बोलावून सांगितलं, “ताई, हिला डॉक्टरला दाखवा, लक्षाची गोळी असते म्हणे.”

आता आधी माझी चूक सांगते, कारण तुमच्या हातून ती होऊ नये. ही मुलगी बुटकी आहे ती उपासमारीनं, असं मी दोन वर्षं धरून चालले. सुकडी दिली, अंडी दिली. आपल्या राज्यात पाच वर्षांखालच्या शंभरांतली ३५ मुलं वयाच्या मानानं बुटकी आहेत, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं आहे. त्यामुळे बुटकं मूल आपल्या डोळ्याला खटकतच नाही. पण तिची मोठी बहीण त्याच तव्यावरची भाकरी खाऊन चांगली उंच वाढली होती. हे मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही. दिसलं ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या गाडीतून शाळेत आलेल्या डॉक्टरबाईंना. २०१३ पासून ही पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. त्यांच्या तपासणीच्या यादीत जशी कमी वाढ आहे, तशीच अतिचंचलताही आहे. आपण मुलांना ‘गाडी आली, रांगेत उभे राहा’ म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. यापुढे तिथं उभे राहा, आणि मुलाबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते डॉक्टरांना सांगा.

तिथून सोलापूर. रक्ताच्या तपासण्या झाल्या, मग गुणसूत्रांची. दिवाळीनंतर निदान आलं: टर्नर सिंड्रोम. मुलींमध्ये एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात, त्यातलं एक नसणं किंवा अपुरं असणं. साधारण दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला हे असतं. कुणाच्या पापानं नाही, कुणाच्या नजरेनं नाही, आईनं गरोदरपणी ऊस तोडला म्हणूनही नाही. हे मी वस्तीवर चार वेळा सांगितलं, चारही वेळा सांगावं लागलं. अशा मुलींची बुद्धी सहसा इतरांसारखीच असते. उंची खुंटते, गणित जड जातं, आणि लक्ष न टिकण्याचा त्रास म्हणजे एडीएचडी यांच्यात जास्त आढळतो.

म्हणजे एकाच मुलीत दोन प्रश्न. आणि इथंच गोळीचा पेच येतो. एडीएचडीसाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध मिथाइलफेनिडेट. नवं नाही. १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये लेआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञानं ते तयार केलं, आणि बायको रीटा हिच्या नावावरून त्याला रिटालिन हे नाव पडलं. बऱ्याच मुलांना त्याचा चांगला गुण येतो. पण ते भूक मारतं. अमेरिकेत ‘एमटीए’ नावाचा मोठा अभ्यास झाला, ७ ते ९ वर्षांची ५७९ मुलं घेऊन. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा नव्यानं औषध सुरू केलेली मुलं औषध न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी २ सेंटिमीटरनं कमी वाढलेली आणि २.७ किलोनं हलकी होती. उंच घरातल्या मुलाला दोन सेंटिमीटर गेले तर गेले. जिच्याकडे मुळातच नाहीत तिचं काय?

आईनं नेमकं हेच विचारलं. “ताई, ही आधीच येवढीशी. गोळीनं आणखी खुंटली तर हिला कोण करून घेईल?” लग्नाची काळजी आहे म्हणून आपण शहाण्यासुरत्या माणसांनी हसू नये. आईच्या हिशोबात उंचीला किंमत आहे, आणि तो हिशोब गावानं तिला शिकवला आहे.

गोळीच्या आधी डॉक्टरांनी तीन गोष्टी करायला लावल्या, त्या नीट ऐका. पहिली, कान. टर्नरच्या मुलींचे कान वारंवार फुटतात. हिचा डावा कान वर्षभर वाहत होता आणि आम्ही तेल घालत होतो. (तेल घालू नका.) मागच्या बाकावर बसवलेली, एका कानानं कमी ऐकणारी मुलगी लक्ष देत नाही म्हणून बोलणी खात होती. दुसरी, थायरॉइड. तो कमी पडला तर वाढही मंदावते आणि मूल सुस्त, विसरभोळं होतं. टर्नरमध्ये तो बिघडण्याची शक्यता जास्त. हिचा ठीक निघाला. तिसरी, हृदय. टर्नरमध्ये महारोहिणी अरुंद असणं, तिच्या झडपेत दोष असणं, रक्तदाब चढणं असे प्रकार असतात, आणि ही गोळी नाडी आणि रक्तदाब थोडा वाढवते. म्हणून इको झाल्याशिवाय गोळीचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. इकोही ठीक आला.

कानावर उपचार झाले, तिला पहिल्या बाकावर आणलं. फरक पडला, पण पुरेसा नाही. तुम्हाला वाटेल की कान बरा झाला आणि मुलगी शांत झाली, अशी साक्ष मी देणार. तशी साक्ष माझ्याकडे नाही.

आणखी एक शंका मला खात होती. पारधी मूल म्हटलं की गावाच्या तोंडात आधीच ‘रानटी’, ‘वळण नाही’. ज्या समाजाला १८७१ च्या कायद्यानं जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि तो शिक्का १९५२ पर्यंत पुसला नाही, त्याच्या मुलाला गप्प बसवायला गोळी दिली जाते आहे का? डॉक्टरांनी यावर मला एक कसोटी सांगितली. त्रास एकाच जागी दिसला तर तो एडीएचडी धरत नाहीत. शाळेतही दिसला पाहिजे आणि घरीही, बारा वर्षांच्या आत सुरू झालेला, सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलेला. मग मी आईला घरचं विचारलं. ती म्हणाली, चुलीवर भात ठेवून शेळीमागं गेली ती सांजच्याला आली, भात कोळसा. एकदा नाही, दर खेपेला. रस्ता ओलांडताना दोनदा ट्रॅक्टरखाली येता येता वाचली. म्हणजे शिक्षकांचा पूर्वग्रह असेलही, पण मुलीचा त्रास खरा होता.

हे सगळं होईपर्यंत डिसेंबर उजाडला. आईबाप उचल घेतलेली म्हणून कोयता घेऊन थळावर गेलेले. मी फोन लावला. बाप म्हणाला, “तुम्हीच ठरवा ताई, तुम्हाला कळतं.” खरं सांगते, त्या रात्री माझा हात सहीपर्यंत गेला होता. अधीक्षकबाई थकल्या होत्या, शाळा मागे लागली होती, आणि गोळी आपल्याला सोयीची होती. बंधूभगिनींनो, वसतिगृहाला गोळी नेहमीच सोयीची असते. म्हणूनच ती सुरू करण्याचा निर्णय वसतिगृहानं घेऊ नये, असं माझं मत झालं आहे. आम्ही पाडव्याला टोळी परत येईपर्यंत थांबलो. त्याची किंमत मुलीनं मोजली, तिचं चौथीचं गणित वाया गेलं. थांबणं फुकट नसतं, हेही तुम्ही लक्षात घ्या.

एप्रिलमध्ये आईबाप दोघंही डॉक्टरांसमोर बसले. दुसरी औषधंही असतात हे डॉक्टरांनी सांगितलं. अ‍ॅटोमॉक्सेटीन आहे, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि भूक त्यानंही कमी होऊ शकते. क्लोनिडीन आहे, त्यानं भूक मरत नाही पण झोप येते आणि रक्तदाब उतरतो. मग आईनं एकच प्रश्न विचारला. “बंद केली तर?” डॉक्टर म्हणाले, या गोळीचा अंमल काही तासांचा, दुसऱ्या दिवशी राहत नाही. वजन-उंची मागे पडायला लागली तर आपण थांबवू, मग भूक परत येते. आई म्हणाली, “मग करून बघू. पण दर महिन्याला मापायचं, आन् मला फोनवर सांगायचं.”

आणि मापायचं म्हणताच आमची अब्रू गेली. वसतिगृहाचं वजन-उंचीचं रजिस्टर मी काढलं, तर त्यात एक मुलगा तीन वर्षांत दोन सेंटिमीटरनं बुटका झालेला! दरवेळी वेगळी टेप, कधी चप्पल घालून, कधी मुलींचा अंबाडा धरून. आता भिंतीला पक्की पट्टी ठोकली आहे. अनवाणी, टाचा भिंतीला, केस मोकळे, सकाळची वेळ, मोजणारी व्यक्ती एकच. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. हे कळायला सहा महिन्यांच्या अंतरानं घेतलेली दोन खरी मापं लागतात. ती ज्या मुलाची नाहीत त्याला गोळी द्यावी की देऊ नये, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये डॉक्टरांना दिलेल्या सूचनांत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी, सर्वांची उंची दर सहा महिन्यांनी, आणि नाडी व रक्तदाब प्रत्येक वेळी मात्रा बदलताना पाहा असं म्हटलं आहे. आम्ही वजन दर महिन्याला करतो, कारण आईनं तसं सांगितलं.

गोळी जूनमध्ये सुरू झाली. ती शेड्यूल एक्समध्ये येते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार दोन वर्षं ठेवतो. कोणत्याही मेडिकलमध्ये मिळत नाही, सोलापूरला खेप पडते. कपाटाला कुलूप, किल्ली अधीक्षकबाईंच्या कमरेला, मोजून नोंद.

पहिल्या दोन महिन्यांत तिचं वजन ७०० ग्रॅमनं उतरलं. कारण शोधायला वेळ लागला नाही. सकाळी नऊला गोळी, तिचा जोर दुपारपर्यंत, आणि मधल्या सुट्टीत खिचडी. शाळेच्या त्या जेवणात प्राथमिकच्या मुलासाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरलेली असतात. आपल्या मुलांचं दिवसाचं मुख्य जेवण तेच. नेमक्या त्या वेळी तिला भूक नाही! शहरातल्या घरी आई रात्री भरपाई करते. इथं कोण करणार? मग डॉक्टरांना विचारून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दूध गोळीच्या आधी पोटभर द्यायला लागलो. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना मी विनंती केली. त्या तिचा वाटा डब्यात झाकून ठेवतात आणि चार वाजता, भूक उघडली की, समोर बसवून खायला घालतात. रविवारी गोळी नाही, दिवाळीच्या सुट्टीतही नव्हती. उतरलेलं वजन भरून आलं, वर २०० ग्रॅम.

लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय आपण बालवाडीत शिकवतो, उंबरावर चढलेला बुटका माणूस. मुलं हसतात. या मुलीनं मात्र मला विचारलं, “त्याला कुणी पुढं का जाऊ दिलं नाही?” इतकी वर्षं शिकवूनही मला तो प्रश्न पडला नव्हता.

गणिताचं म्हणाल तर सहामाहीत दहापैकी सात उदाहरणं तिनं जागेवरून न उठता सोडवली, त्यातली चार बरोबर. वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं रोज टोचावी लागतात, फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, आणि खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. त्यासाठी अर्ज केला आहे आणि वय उलटून चाललं आहे. ती सुरू झाली तरी गोळी चालू ठेवता येते, पण मग मापं आणखी काटेकोर लागतील असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

आईबाप दसऱ्यानंतर पुन्हा थळावर गेले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर अधीक्षकबाई फोन लावतात. आई आधी वजन विचारते, मग उंची, आणि शेवटी मुलीला फोनवर घेऊन विचारते, “खिचडी खाल्ली का?” डिसेंबरमध्ये सहा महिन्यांचं उंचीचं माप आहे. ते कमी आलं तर गोळी थांबवायची, असं तिनं आम्हाला सांगून ठेवलं आहे.