काटेरी तार एकट्याने सोडताना

कुंपणाची काटेरी तार एकट्याने सोडायची असेल, तर तार ओढू नका, बंडल फिरवा. वेढे बाजूने काढले, की प्रत्येक वेढ्यागणिक तारेला पीळ बसतो आणि ती उसळून अंगावर येते. उलट, मोकळे टोक कोपऱ्याच्या खांबाला पक्के बांधून बंडल कुंपणाच्या रेषेत जमिनीवर गडगडवत नेले, तर तार सरळ पडते, वजनही हलके होत जाते. यात वेळ जातो, असे कोणी म्हणेल. पण गुंता सोडवण्यात त्याहून जास्त जातो. उतारावर मात्र बंडल निसटू शकते, तिथे सोबती हवाच. तोडण्यापूर्वी तारेच्या दोन्ही बाजू दाबून ठेवा. जाड चामडी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घातल्याशिवाय बंडलाला हात लावू नका.