आकाशातले नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पंडित जसराज यांचे गाणे आपण सर्वजणी रेडिओवर ऐकत आलो आहोत. व्ही. शांताराम यांचे ते जावई, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचेही जावईच. त्यांच्या नावाचा एक लघुग्रह आकाशात फिरतो आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या मधल्या पट्ट्यात लाखो लहानमोठे खडक सूर्याला प्रदक्षिणा घालीत असतात. बहुतेकांची एक प्रदक्षिणा पुरी व्हायला तीन ते सहा वर्षे लागतात. या पट्ट्यात पहिल्याने जे चार गोल सापडले त्यांना सेरेस, पॅलास, जुनो व व्हेस्टा अशी देवींचीच नावे दिली गेली. त्यांतला पहिला १८०१ सालचा.

जसराजांच्या नावाचा लघुग्रह ११ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात, माउंट लेमन येथील दुर्बिणीतून सापडला. असा खडक एकदा दिसला म्हणजे झाले असे नव्हे. तो रात्रीमागून रात्री पुन्हा पुन्हा पाहतात, आणि त्याचा मार्ग पक्का ठरला म्हणजेच त्याला क्रमांक मिळतो. याचा क्रमांक ३००१२८. आता शेवटाकडून दोन-दोन अंक वाचा : २८, ०१, ३०. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३० चा!

क्रमांकानंतर नाव. ते सुचविण्याचा मान शोधणाऱ्याचा, आणि मान्यता आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाच्या समितीची. २३ सप्टेंबर २०१९ रोजी हे नाव लागले. पुढे १७ ऑगस्ट २०२० ला पंडितजी गेले. म्हणजे हा मान त्यांना हयातीत पाहता आला. यात कोणी पैसा भरला नाही, कारण तिथे नाव विकत मिळतच नाही.

हे आज सांगण्याचे कारण आहे. आपल्या मंडळाच्या दिवंगत संस्थापिकाबाईंच्या नावाने पैसे भरून एक तारा घ्यावा, अशी सूचना आली आहे. सुचविणाऱ्या भगिनीची माया खरी आहे. परंतु तारे विकणारे लोक ते नाव आपल्याच वहीत लिहितात. खगोलशास्त्र संघ ते मानीत नाही. हाती राहते ते चौकटीतले प्रमाणपत्र.

बाईंनी नागापुरात घरोघर जाऊन सासुरवाशिणींना सही करायला शिकविले. अंगठा उठविणाऱ्या कितीतरी जणी आज बँकेत स्वतः नाव लिहितात. त्यांचे नाव तिथे आहे. म्हणून माझी सूचना अशी की, ती रक्कम दरवर्षी एका गरजू मुलीच्या परीक्षेच्या फीसाठी बाईंच्या नावाने द्यावी. भगिनींनी अनुमोदन द्यावे, ही विनंती.