मागून चालणारा कारखाना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लष्करी संग्रहालयात गेल्यावर आपण काय बघतो? रणगाडा बघतो, तोफ बघतो, जमलं तर तोफेच्या नळीला टेकवून मुलाचा फोटो काढतो. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात ज्यांनी सुट्टीचा दिवस घालवला असेल त्यांना हे चांगलं ठाऊक आहे. पण तो रणगाडा वाटेत बंद पडला तर कोण दुरुस्त करायचं, कुठे करायचं, कशानं करायचं, हा प्रश्न तिथे फारसा कुणी विचारत नाही. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या प्रश्नाच्या उत्तराबद्दल. ते उत्तर दिसायला अगदीच साधं आहे. त्याला इंजिन नाही, बंदूक नाही, स्वतःहून ते एक पाऊल पुढे जात नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्करी ट्रकच्या मागे ओढला जाणारा, दुरुस्तीची हत्यारं भरलेला ट्रेलर!

ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत जुनी लष्करी वाहनं जमवून पूर्ववत करणारी हौशी मंडळी पुष्कळ आहेत. जीप हवी असेल तर तिचा लागेल तो भाग आज नवा बनवून मिळतो. पण या मंडळींना विचारा, आतल्या सामानासकट पुरा असलेला वर्कशॉप ट्रेलर कितीदा पाहिलात? बहुतेक जण मान हलवतील. तो दुर्मीळ का झाला आणि पुन्हा उभा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, यात मोठी गंमत आहे, आणि थोडी लबाडीलाही जागा आहे.

आधी हा ट्रेलर लागलाच कशाला ते पाहू. रणगाडा काही फक्त शत्रूच्या गोळ्यानं थांबत नाही. वाळू इंजिनात जाते, पट्ट्याची पिन झिजते, रेडिएटर गळतो. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन तुकड्या मोडके रणगाडे रणांगणावरून ओढून नेऊन पुन्हा लढायला पाठवण्यात तरबेज होत्या. ब्रिटिश सैन्यात मात्र दुरुस्तीचं काम तीन-चार खात्यांत विभागलेलं होतं. कुशल कारागीर भलत्याच कामाला जुंपले जातात की काय, हे पाहायला एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते विल्यम बेव्हरिज. हो, तेच, ज्यांच्या १९४२ सालच्या अहवालावर पुढे ब्रिटनची समाजकल्याण व्यवस्था उभी राहिली. या समितीच्या शिफारशीवरून १ ऑक्टोबर १९४२ रोजी 'रॉयल इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स' हे स्वतंत्र दल जन्माला आलं. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, २३ ऑक्टोबरला, एल अलामीनची मोठी लढाई सुरू झाली. आपल्याकडेही १९४३ मध्ये याच धर्तीवर भारतीय दल उभं राहिलं. आज आपण ज्याला 'ईएमई' म्हणतो त्याचं हे मूळ. पुढल्या वर्षी इम्फाळ आणि कोहिमाच्या डोंगराळ रस्त्यांवर या माणसांचा कस लागला.

या कामाची रचना सोपी होती. लहानसहान बिघाड पलटणीबरोबर चालणारी छोटी तुकडी काढायची. तिला न जमणारं काम थोडं मागे असलेल्या फिरत्या वर्कशॉपकडे जायचं आणि अगदीच मोडलेलं वाहन दूरच्या मोठ्या कारखान्यात. या फिरत्या वर्कशॉपला वीज हवी, वेल्डिंग हवं, दाबाची हवा हवी, भट्टी आणि ऐरण हवी, व्हाइस, ड्रिल, ग्राइंडर आणि सुट्या भागांच्या पेट्या हव्यात. लेथसारखं जड यंत्र पुष्कळदा ट्रकवरच्या बंद खोलीत बसवत, काही मोठ्या ट्रेलरमध्येही ते असे. पण बाकीचं सामान ट्रेलरवर टाकण्यात एक व्यवहारी शहाणपण होतं. ट्रेलर झाडाखाली सोडला की ट्रक मोकळा. तो पाणी आणायला जाईल, जखमींना न्यायला जाईल. इकडे काम चालू राहील. (हा ट्रेलर मागे घेताना ड्रायव्हरच्या तोंडून काय शब्द निघत असतील, ते नभोवाणीवर सांगता येणार नाही.)

अमेरिकनांनी तर ट्रेलरचा अक्षरशः कारखानाच काढला. त्यांचा दोन चाकी, एक टन वजन वाहणारा ट्रेलर 'बेन-हर' या नावानं ओळखला जातो. रथांच्या शर्यतीशी याचा संबंध नाही. मिलवॉकी शहरातल्या बेन-हर नावाच्या कंपनीनं तो बनवला म्हणून हे नाव. पुढे टॅक्सी बनवणाऱ्या चेकर कंपनीसारखे इतर अनेक कारखानेही या कामाला लागले आणि दोन लाखांहून जास्त ट्रेलर तयार झाले. त्याची चाकं आणि टायर तो ओढणाऱ्या अडीच टनी ट्रकच्याच मापाचे. म्हणजे ट्रकची जादा स्टेपनी ट्रेलरलाही चाले. याच जातीच्या ट्रेलरवर पाण्याची टाकी बसवली, जनरेटर बसवला. 'के-५२' नावाच्या ट्रेलरवर जो दहा किलोवॅटचा जनरेटर होता, त्याला फिरवणारं इंजिन होतं विलीज कंपनीचं, म्हणजे आपल्या ओळखीच्या जीपच्याच घराण्यातलं.

मग लाखांनी बनलेली वस्तू दुर्मीळ कशी झाली? तर ती तुकड्यातुकड्यांनी जगली म्हणून. १९४५ मध्ये युद्ध संपलं. रणगाड्याचा शेतकऱ्याला उपयोग नव्हता, पण वेल्डिंग सेटचा होता, व्हाइसचा होता, जनरेटरचा तर होताच होता. सगळ्या देशांत लष्करी सामानाचे लिलाव झाले. आपल्याकडे 'डिस्पोजलचा माल' हा शब्द तेव्हाच घराघरांत रुजला. घेणाऱ्यानं आतलं यंत्र काढून आपल्या दुकानात बसवलं आणि उरलेला सांगाडा गवत, लाकडं, शेणखत वाहायला लावला. यंत्रं पोट भरत राहिली आणि ट्रेलर गंजत राहिला. दोघांची ताटातूट झाली ती कायमची.

आता कल्पना करा, असा एक सांगाडा हाती आला आहे. चासी गंजलेली, फळ्या कुजलेल्या, आत काही नाही. सुरुवात कुठून करायची? उत्साही माणूस पहिल्या दिवशी ग्राइंडर चालवून सगळा गंज आणि रंग उडवून टाकतो. लोखंड चकचकीत होतं आणि त्या ट्रेलरचा निम्मा इतिहास धूळ होऊन उडून जातो. ती धूळ छातीलाही वाईट, कारण जुन्या रंगात शिसं असतं आणि ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस.

जाणता माणूस आधी वही आणि कॅमेरा काढतो आणि भोकं मोजतो. तुम्ही म्हणाल, भोकं? होय. जमिनीवर एका ओळीत सारख्या अंतरावर चार भोकं असली तर तिथे एखादं यंत्र बोल्टनं आवळलेलं होतं. त्या भोकांमधलं अंतर जुन्या यंत्रांच्या पायांशी ताडून पाहिलं की ते कोणतं, याचा अंदाज लागतो. फळीचा एक तुकडा तेलानं काळाभोर झाला आहे, म्हणजे वर काहीतरी गळत होतं. कडेच्या पत्र्यावर ठिणग्यांचे बारीक डाग आहेत, म्हणजे ग्राइंडर इकडे होता. बाजूच्या पत्र्याला पंख्याच्या मापाची खिडकी कापलेली आहे, म्हणजे इंजिनाचं तोंड तिकडे होतं. नंतर शेतकऱ्यानं पाडलेली भोकंही यात असतात. ती बहुधा वाकडी आणि घाईची असतात, पण नेहमीच नाही. लष्करी मेकॅनिकही घाईत असतोच की! पंचनामा करणाऱ्या हवालदाराच्या चिकाटीनं हे सगळं टिपावं लागतं. मी जन्मभर वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस आहे, आणि मला या सगळ्या उद्योगात सर्वांत आवडतं ते हेच काम. यंत्र गेलं तरी त्याच्या बसण्याची जागा मागे राहते.

रंगाचंही तसंच. एका कोपऱ्यात, बिजागरीच्या आड, रुपयाएवढी जागा हलक्या हातानं घासत गेलं की थरामागून थर उघडतो. वर शेतकऱ्याचा लाल ऑइलपेंट, त्याखाली हिरवट रंग, त्याखाली तपकिरी. ब्रिटिश ट्रेलरवर हा तपकिरी थर सापडला तर कान टवकारावेत. १९४२ च्या सुमारास हिरव्या रंगाला लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडची टंचाई झाली, म्हणून सैन्यानं वाहनांना तपकिरी रंग द्यायला सुरुवात केली. १९४४ मध्ये पुन्हा हिरव्याकडे वळले. म्हणजे रंगाच्या एका थरावरून वाहनाचं वय सांगता येतं.

मग येतात नट-बोल्ट, आणि इथे भलेभले घाम गाळतात. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकन आट्यांचा ६० अंशांचा. अर्ध्या इंचाच्या बोल्टवर इंचाला ब्रिटिशांचे १२ आटे, अमेरिकनांचे १३. अमेरिकन नट ब्रिटिश बोल्टवर एक-दीड फेरा गोडीत जातो आणि मग असा रुसतो की मागेही येत नाही. जोर लावला की आटे गेले! युद्धात दोन्ही देशांचं सामान एकाच दुरुस्तीच्या टेबलावर आलं तेव्हा या एका आट्यापायी किती वेळ गेला असेल! अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीला तर मर्लिन हे ब्रिटिश विमान-इंजिन बनवताना ब्रिटिश आटे पाडण्यासाठी स्वतःचे टॅप बनवावे लागले होते. शेवटी १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एकच आटा ठरवला. जुना ट्रेलर दुरुस्त करणाऱ्याला मात्र अजूनही पान्यांचे दोन वेगळे संच जवळ ठेवावे लागतात.

लाकूड, बेअरिंग, टायर याबद्दल फार सांगत नाही. कुजलेली फळी बदलावी लागते, ऐंशी वर्षांचा टायर दिसायला कितीही धडधाकट असला तरी रस्त्यावर नेऊ नये, आणि जुन्या जनरेटरच्या वायरींचं रबर बोटानं दाबलं तरी भुगा होतं, म्हणून ते तसंच चालू करण्याचं धाडस करू नये. हे कुणीही सांगेल. खरा वाद पुढे आहे.

तो वाद असा, की किती नवं केलेलं चालेल? युद्धकाळातल्या पुष्कळ ब्रिटिश यंत्रांवर 'वॉर फिनिश' असं कोरलेली पट्टी असे. तिचा अर्थ असा, की वरवरची सफाई आम्ही मुद्दाम सोडली आहे. यंत्राच्या अचूकतेत मात्र तडजोड नाही. बिडाचं ओतकाम जसं साच्यातून आलं तसं खडबडीत ठेवायचं, लांबी भरत बसायचं नाही, कारण वेळ नाही. आता आजचा हौशी माणूस काय करतो? त्याच बिडावर तीन हात लांबी भरतो, पॉलिश पेपर मारतो, आरशासारखा रंग देतो आणि त्यावर पुन्हा 'वॉर फिनिश'ची पट्टी ठोकतो! प्रदर्शनात त्याला बक्षीसही मिळतं. मला विचाराल तर ते यंत्र त्या दिवशी खोटं बोलायला लागलं.

पट्ट्यांचा प्रकार तर याहून गंभीर. ट्रेलरच्या पितळी पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक आणि तारीख असते. आज हुबेहूब नव्या पट्ट्या विकत मिळतात, हवा तो क्रमांक कोरून. एक साधा शेतातला सांगाडा, चार जुनी हत्यारं आणि एक नवी पट्टी एवढ्यावर 'नॉर्मंडीत उतरलेला अस्सल वर्कशॉप ट्रेलर' तयार होतो, आणि किंमत कितीतरी पटींनी चढते. फसतो तो पैसे देणारा, पण त्याचं एवढं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की पुढे कुणी अभ्यासक त्यावरून मापं घेईल आणि तेच खरं म्हणून लिहील. म्हणून चांगले कारागीर नव्या फळीच्या आतल्या अंगाला बदलल्याचं वर्ष कोरतात, नव्या पट्टीच्या मागे ती नक्कल असल्याचं लिहितात, आणि काय मूळचं, काय दुसऱ्या ट्रेलरचं, काय आत्ताचं, याची यादी ट्रेलरबरोबर ठेवतात. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. शोधणाऱ्याला कळतो.

आपल्याकडे अशी हौस परवडणारे लोक थोडे. पण वस्तू आपल्याकडेही आहेत. गावोगावच्या लहान वर्कशॉपमध्ये डिस्पोजलमधून आलेला एखादा व्हाइस, एखादं लेथ अजून कामाला जुंपलेलं असतं. मालकाच्या आजोबांनी लिलावात घेतलेलं, एवढंच कुटुंबाला माहीत. ते विकताना निदान पट्टी काढून फेकू नका आणि भंगारवाल्याचा गॅस कटर पेटायच्या आधी चार बाजूंनी फोटो काढा. क्रमांक दिसेल असा एक फोटो जवळून घ्या. याला खर्च येत नाही.

शेवटी एक छोटी गोष्ट सांगतो आणि थांबतो. अशा वर्कशॉपमधल्या काही हत्यारपेट्यांच्या झाकणाला आतून प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. हातोड्याच्या जागी हातोड्याची, कानशीच्या जागी कानशीची. काम संपलं की एका नजरेत कळावं, काय परत आलं आणि काय नाही. पेटी पूर्ववत करणारे लोक वर्षानुवर्षं जुन्या बाजारात फिरून त्या आकृत्यांत नेमकी बसणारी हत्यारं शोधतात. बरीचशी सापडतात. एखादा वेड्यावाकड्या मापाचा पाना काही केल्या सापडत नाही. दुसरा कुठला तरी पाना तिथे सहज टांगता येईल. बघणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. पण त्यांतले काही जण ती आकृती रिकामीच ठेवतात, आणि कुणी विचारलंच तर सांगतात, "हा अजून परत आलेला नाही."