कण्याचे गणित

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'कण्याचे गणित' असे सांगितले. त्यांची समजूत अशी झाली की, आम्ही संस्थेच्या आर्थिक कण्याविषयी, म्हणजे थकलेल्या वर्गणीविषयी बोलणार. त्यांची निराशा होईल. आमचा विषय पाठीचा कणा हाच आहे; तो मोडतो कसा, आणि मोडण्यापूर्वी हिशेबाने ते ओळखता येईल काय, याचा संगणकाच्या साहाय्याने जो अभ्यास चालला आहे तो आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. आम्ही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य पूल आणि धरणे यांच्या आकडेमोडीत गेले. ज्या गणिताने आम्ही काँक्रीट तपासले तेच हाडांस लागू पडते, हे मात्र आम्हांस फार उशिरा कळले.

आमच्या थोरल्या आत्याबाई सत्तरीच्या असताना एके सकाळी कळशी उचलावयास वाकल्या आणि त्यांच्या पाठीत कळ आली. घरच्यांनी लचक म्हणून तेल चोळले, शेक दिला. एका जाणकाराकडून पाठ रगडूनही घेतली. ही सूचना आमचीच होती, हे येथे सांगितले पाहिजे. कळ थोडी शमली. परंतु वर्षभरात लुगड्याच्या निऱ्या जमिनीवर लोळू लागल्या आणि फडताळाच्या वरच्या फळीवरील बरणी त्यांच्या हाती येईना. आम्ही म्हणालो, वय झाले. पुढे क्ष-किरण चित्र काढले तेव्हा कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने खचून पाचरीसारखा झालेला दिसला. ज्यास आम्ही वय म्हणत होतो तो अस्थिभंग होता. असे खचलेले मणके पुष्कळदा ओळखलेच जात नाहीत, असे या विषयातील तज्ज्ञ सांगतात.

आता आमच्या ओळखीच्या प्रदेशाकडे वळतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. धरण उभे राहिले, पण त्यास तडे गेले. ते पायाशी गेले नाहीत. भिंतीच्या पाठीचा उतार वरच्या भागात जेथे एकाएकी बदलतो, त्या पातळीच्या आसपास गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी १९७३ साली या धरणाचा संगणकी हिशेब प्रसिद्ध केला, आणि ताण नेमका त्याच पातळीवर एकवटतो असे त्यात दिसले. या रीतीस सान्त घटक पद्धती म्हणतात. वेडीवाकडी वस्तू एका समीकरणाने सुटत नाही. म्हणून कल्पनेने तिचे हजारो लहान ठोकळे पाडावयाचे. एक ठोकळा किती दाबला असता किती दबेल, हे सांगणे सोपे असते. शेजारचे ठोकळे कोपऱ्यांशी जोडलेले राहिलेच पाहिजेत अशी अट घालून ती सगळी समीकरणे एकदम सोडवावयाची. हे काम संगणकाचे. विमानाच्या पंखांसाठी १९५६ साली टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांनी ही रीत मांडली, आणि १९६० साली क्लफ यांनी तिचे नामकरण केले.

कण्याकडे याच दृष्टीने पाहावे. छातीच्या बारा मणक्यांस बरगड्यांचा आधार असतो, म्हणून तो भाग ताठ राहतो. त्याखालचे कमरेचे पाच मणके लवचिक. ताठ भाग संपून लवचिक भाग सुरू होतो तो बाराव्या आणि पहिल्या मणक्याच्या सांध्यावर, आणि मणके मोडण्याचे प्रमाण तेथेच विशेष. आत्याबाईंचा मणका तोच. कोयनेच्या तड्यांचे नकाशे आम्ही पाहिलेले होते. घरातले मात्र दिसले नाही.

मणक्याचा आतला भाग भरीव नसतो. पातळ कवचाच्या आत हाडाची जाळी असते, तिचे काही तंतू उभे, काही आडवे. वयाबरोबर ही जाळी विरळ होते, आणि त्यात आडवे तंतू अधिक जातात. इमारतीची परांची ज्यांनी पाहिली आहे त्यांस याचा अर्थ सांगावयास नको. आडव्या बांबूंपैकी एकाआड एक सोडला तर उभ्या बांबूची निराधार लांबी दुप्पट होते, आणि अठराव्या शतकातील गणिती ऑयलर यांच्या नियमाने त्याची वाकण्यापूर्वीची ताकद चौथाईवर येते. १९७७ साली कार्टर आणि हेज यांनी हाडांच्या नमुन्यांवर प्रयोग करून दाखविले की, हाडाची ताकद साधारणतः घनतेच्या वर्गाप्रमाणे बदलते. घनता निम्मी झाली की बळ पाव उरते.

दुसरी बाजू ओझ्याची. स्वीडनचे नाकेमसन यांनी जिवंत माणसांच्या मणक्यांमधील गादीत सुई घालून दाब मोजला. सरळ उभे असताना तो १०० धरला, तर उताणे निजल्यावर २५, उभ्याने पुढे वाकल्यावर १५०, आणि वाकून हातांत २० किलो घेतल्यावर २२० होतो. आत्याबाईंची कळशी भरलेली होती.

बळ आणि ओझे यांची गाठ आता एकेका रुग्णापुरती घालता येते, आणि ती सी.टी. स्कॅनमुळे. हाउन्सफील्ड यांच्या या यंत्राने पहिल्या रुग्णाचे चित्र १९७१ साली लंडनमध्ये घेतले गेले. या चित्रात शरीराचे बारीक ठोकळे आयतेच पाडलेले असतात, आणि प्रत्येक ठोकळ्यास एक आकडा असतो. त्या आकड्यावरून घनता काढावयाची, घनतेवरून ताठरपणा, आणि तो ठोकळा गणितात बसवावयाचा. मग संगणकातील मणक्यावर भार वाढवीत न्यावयाचा आणि तो कितीस मान टाकतो हे पाहावयाचे. हे खरे ठरते काय? मृत्यूनंतर मिळालेले मणके आधी स्कॅन करून, हिशेब मांडून, मग यंत्राखाली प्रत्यक्ष चिरडून ते तपासले गेले. क्रॉफर्ड, कॅन आणि कीवेनी यांनी २००३ साली दाखविले की, नुसत्या घनतेपेक्षा या हिशेबाचे भाकीत अधिक जुळते. नेहमीच्या डेक्सा तपासणीत हाडाची सपाट छाया मिळते. हाड किती, ते कळते, पण कोठे आणि कसे रचलेले, हे फारसे कळत नाही.

माडावरून वा परांचीवरून पडलेल्या माणसाची गोष्ट निराळी. तेथे मणका फुटतो आणि त्याचे तुकडे मागे मज्जारज्जूच्या पोकळीत घुसतात. लीड्स येथील रूथ विल्कॉक्स आणि त्यांचे सहकारी यांनी मणक्यांवर वजन सोडून व संगणकात तोच आघात उभा करून पाहिले. आघाताच्या क्षणी तुकडे जितके आत शिरतात, तितके नंतर राहत नाहीत. काही अंशी मागे सरतात. म्हणजे रुग्णालयात पोहोचल्यावर काढलेल्या चित्रात पोकळी बरीच मोकळी दिसली, तरी मज्जारज्जूस त्या क्षणी काय भोगावे लागले, हे त्यावरून ठरत नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या आमच्या बांधवांस हे विशेष सांगावेसे वाटते. पडलेल्यास हाताला धरून उठवून बसवू नये. फळीवर सरळ निजवूनच न्यावे.

या गणिताचे गोडवे गाताना त्याचा उणेपणा लपविणे आमच्या पेशास शोभणार नाही. पाठीचे स्नायू कोणत्या क्षणी किती ओढतात, हे पुष्कळसे अनुमानाने घालावे लागते. संगणकाला जे सांगावे तेच तो मोठ्या ऐटीने परत सांगतो. आमच्या उमेदवारीच्या काळात एका चुकलेल्या दशांश चिन्हाने एक पूल कागदावर आकाशात गेला होता. शिवाय सी.टी. स्कॅनमध्ये क्ष-किरणांचा मारा अधिक. केवळ हौसेने तो करवून घेऊ नये. मात्र दुसऱ्या कारणासाठी पोटाचा स्कॅन झालेला असेल, तर त्यात कमरेचे मणके आलेलेच असतात. ते पाहण्याविषयी डॉक्टरांस विनंती करावी, आणि तो स्कॅन जपून ठेवावा. आमच्याकडे लग्नाच्या याद्या पन्नास वर्षे जपतात.

धरणाचे हिशेब करण्यापूर्वी आम्ही त्याची पातळी मोजतो. त्यास संगणक लागत नाही. तरुणपणच्या उंचीहून सुमारे ४ सेंटिमीटर उंची घटली असेल, तर मणक्यांची तपासणी करावी, असे तज्ज्ञ म्हणतात. भोजनगृहाच्या डाव्या दाराच्या चौकटीवर आम्ही मोजपट्टी चिकटविली आहे, आणि शेजारी वही ठेविली आहे. साठीच्या पुढील भगिनींनी, आणि बंधूंनीही, पादत्राणे काढून तेथे उभे राहावे. तरुणपणची उंची आठवत नसेल त्यांनी जुने पारपत्र वा नोकरीच्या वेळचा वैद्यकीय दाखला घरी शोधावा. वही पुढील संमेलनातही तेथेच असेल.